दुखानचं खोकड

गावाचं नाव दुखान, पण दुखत काहीच नाही.
अरबीत त्याचा अर्थ धूर.
पलीकडे तेलाच्या विहिरींवरची ज्योत
रात्रभर जागी, नारिंगी.
आमच्या घरामागे कुंपण, कुंपणामागे वाळू,
आणि एसीच्या पाइपाखाली
मी ठेवलेलं आइस्क्रीमचं रिकामं डबडं.
टप्.
टप्.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ओरडले, "कोल्हा!"
बाबा म्हणाले, "हळू. कोल्हा नव्हे, खोकड.
कोल्हा याच्याहून दांडगा.
वाशिमच्या माळावर आमच्याकडेही खोकडं होती,
पण त्यांच्या शेपटीचं टोक काळं.
याचं बघ, चुन्यात बुडवून काढल्यासारखं."

अंग वाळूचं. कान मात्र कुणाकडून उसने आणलेले,
दोन मापं मोठे, मागून काळे.
अंगातली उष्णता तिथून बाहेर जाते.
तळपायांना केस,
म्हणजे तापल्या वाळूत चपला नकोत.
मग निषादची निळी चप्पल
नेली कशाला?

पाण्यावाचून त्याचं फारसं अडत नाही म्हणे.
उंदरात पाणी, टोळात पाणी, सरड्यात पाणी.
पण फुकट टपकत असेल
तर कोण सोडेल?

जानेवारीत मध्यरात्री कुणीतरी किंचाळलं.
आई दचकून उठली, दिवे लावले.
गेटवरचा दिलबहादूर हसत म्हणाला,
"काही नाही ताई, लग्नाची बोलणी चाललीत."

मग ती दिसेनाशी झाली.
नुसता तो यायचा, घाईघाईत,
तोंडात उंदीर.
उंदीर खाली ठेवायचा, पाणी प्यायचा,
उंदीर उचलायचा,
आणि जुन्या पाइपांच्या ढिगाकडे धूम.
स्वतः कधी जेवायचा, कोण जाणे.

एप्रिलात ढिगातून तीन तोंडं बाहेर.
भुरी, बोथट,
धड मांजराची नाहीत, धड कुत्र्याची नाहीत.
दुर्बिणीतून पाहिलं:
एक दुसऱ्याच्या शेपटीवर झडप घालतंय,
तिसरं चावतंय चपलेचा पट्टा.
निळा!
"माझी आहे! परत आण!" निषाद रडला.
"राहू दे," आई म्हणाली, "पाटी आहे ती त्यांची."

आणि शाळा रोज संध्याकाळी.
त्यांची आई मान तिरपी करून उभी,
कान पुढे. वाळूखाली कुणीतरी खुडखुडतंय.
खुडखुड थांबली. तीही थांबली.
मग उडी! चारी पाय हवेत, नाक आधी खाली.
एका पिल्लाने तसंच केलं.
मिळाली वाळू, आणि एक शिंक.

मासळीचा तुकडा घेऊन निषाद कुंपणाशी गेला,
तेव्हा दिलबहादूरने त्याचा हात धरला.
"नको. एकदा हात ओळखीचा झाला
की ते सगळ्याच हातांकडे जाईल.
सगळे हात तुझ्याएवढे नसतात."
तुकडा निषादनेच खाल्ला. थोडा रुसून.

ऑगस्टात खजूर पिकून पडले.
बाबांनी नवी म्हण काढली:
"कोल्हा काकडीला राजी, खोकड खजुराला."
पोट भरलं की उरलेलं ते पुरून ठेवतं,
नाकाने वाळू सारून, चापून चोपून.
एक जागा मला माहीत आहे.
सांगणार नाही.

ऑक्टोबरात पिल्लं पांगली,
एक आज, एक चार दिवसांनी.
निरोप नाही, पत्ता नाही.
चप्पल तेवढी ढिगापाशी, अर्धी उरलेली.

नोव्हेंबरात गार वारा सुटला. आईने एसी बंद केला.
त्या रात्री खोकड आलं, डबडं हुंगलं,
मग मान वर करून
बराच वेळ पाइपाकडे बघत राहिलं.

मी स्वेटर घातला
आणि एसीचं बटण दाबलं.
"आता कशाला?" बाबांनी विचारलं.
"उकडतंय," मी म्हणाले.
बाबांनी खिडकीतून खाली पाहिलं,
अंगावरची शाल कानांपर्यंत ओढली,
आणि म्हणाले,
"हो गं. फारच उकडतंय."

टप्.